मामा तलाव, बेशरम आणि दोन तासांची सकाळ: गावातलं श्रमदान टिकवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: उमरेड-भिवापूर पट्ट्यातलं आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. तरुण पोरं बुटीबोरी, मिहान किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत पाळीनं कामाला. गणपती मंडळं पाच, पण सगळं गाव मिळून काही करतंय असं होत नाही. दोन वर्षांपूर्वी पाचशे झाडं लावली, त्यातली दहाही उरली नाहीत. गावाला लागून मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) आहे, तो बेशरमीच्या रानटी झुडपांनी भरला आहे. श्रमदान सुरू करायचं तर कशापासून, आणि ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडू नये म्हणून काय करायचं?

तलावापासूनच सुरू करा. पण "तलाव खोलीकरण" असं नाव देऊन नको. श्रमदानात सगळ्यात जास्त फसतं ते इथंच. हिशेब करून पाहा. एक एकर जागेतला एक फूट गाळ म्हणजे ४३,५६० घनफूट, म्हणजे साधारण ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पन्नास माणसं दोन तास मन लावून राबली तर मऊ मातीत माणशी अर्धा घनमीटरही धरू नका, ०.४ धरा. रोजचे वीस घनमीटर, म्हणजे सात ब्रास, सात ट्रॅक्टर ट्रॉल्या. एका एकरातला एक फूट गाळ काढायला बासष्ट सकाळी लागतील. तुमचा तलाव पंधरा-वीस एकरांचा असणार. जेसीबी बाजूलाच उभा राहून तेच काम दोन-चार दिवसांत करताना दिसला की माणूस मनात म्हणतो, "मग आपण कशाला आलो?" दुसऱ्या दिवशी तो येत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

तेव्हा काम निवडताना पहिली कसोटी ही लावा: माणसाचा हात हे काम यंत्रापेक्षा चांगलं करतो का? बेशरम काढणं या कसोटीला उतरतं. जेसीबीनं बेशरम काढली की तिचे तुकडे होतात, चाकांखाली चिखलात दाबले जातात आणि ओल मिळाली की कांडीकांडीला मुळं फुटतात. पुढच्या पावसाळ्यानंतर पहिल्यापेक्षा दाट रान दिसतं. हातानं मुळासकट उपटलेली, उंचावर नेऊन वाळवलेली बेशरम परत येत नाही, किंवा फार थोडी येते. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजाच्या बायांनी याच रीतीनं तलाव मोकळे केले आणि नंतर त्यांत देशी पाणवनस्पती लावल्या. गाळाचं काम वेगळं ठेवा. त्यासाठी "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना २०१७ पासून आहे, ते यंत्रानंच होऊ द्या.

कामाला हात लावण्याआधी तीन दारं वाजवायची. पहिलं ग्रामपंचायतीचं: ग्रामसभेचा ठराव. दुसरं जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाचं, कारण बहुतेक लहान मामा तलाव त्यांच्याकडे आहेत. तुमचा कोणाकडे आहे ते तलाठ्याकडून आणि पंचायतीच्या नोंदीतून बघून घ्या. परवानगीपेक्षा तिथल्या अभियंत्याला एकदा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरवून आणणं जास्त कामाचं. तिसरं दार मच्छीमार संस्थेचं, आणि बहुतेक गावांत तेच विसरलं जातं. तलाव मासेमारीला ठेक्यानं दिलेला असतो. बीज कधी सोडलं, पाणी कुठं राखायचं, कोणत्या काठाला मासा अंडी घालतो, हे त्यांनाच ठाऊक. त्यांना न विचारता शंभर माणसं पाण्यात उतरवली तर पहिल्याच दिवशी भांडण. त्यांना विचारून उतरवली तर गावातली सगळ्यात कसबी माणसं तुमच्याकडून.

अतिक्रमणाचा विषय पहिल्या वर्षी काढूच नका. तलावाच्या पोटात पाणी ओसरलं की कोणी गाळपेर (गाळावरची पेरणी) करतो, कोणी धुरा (शेताची हद्द) सरकवला आहे, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तो प्रश्न खरा आहे, पण मोजणी आणि नोटीस हे सरकारी काम आहे. ते श्रमदानाच्या गळ्यात बांधलं की अर्धं गाव विरोधी बाजूला जाऊन बसतं.

वेळ कोणती? पावसाळा आणि धानाची रोवणी सोडा. ऑक्टोबर सोयाबीनचा, नोव्हेंबर धान कापणीचा, त्यात कापूस वेचणी. डिसेंबरपासून मिरचीचा तोडा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पाणी काठावरून मागं सरलेलं असतं, जमीन पाय टिकण्याइतकी घट्ट आणि मूळ सुटण्याइतकी ओली असते. याच दिवसांत बेशरम निघते. एप्रिलमध्ये तीच माती तडकून दगडासारखी होते, मूळ तुटून आतच राहतं. हरभरा-गव्हाची सोंगणी याच काळात येते, म्हणून रोजचं श्रमदान ठेवू नका. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा: एक रविवार, दुसरा तुमच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, कारण दुकानदार त्या सकाळी मोकळे असतात. सकाळी सहा ते आठ. आठ वाजता शिट्टी, आणि शिट्टीनंतर कोणी काम करत राहिला तर त्यालाही थांबवायचं. "अजून थोडं करू" म्हणणारा उत्साही माणूस श्रमदानाचा फार मोठा शत्रू आहे. त्याच्यामुळं बाकीच्यांना आठ वाजता निघताना अपराधी वाटतं, आणि पुढच्या वेळी ते येणंच टाळतात.

पन्नास माणसांना अवजारं किती लागतात याचा अंदाज नेहमी चुकतो. फावडी भरपूर आणतात, घमेली कमी पडतात. बेशरमीसाठी हे पुरे: दहा-बारा कोयते, आठ सब्बल, सहा टिकाव, सहा फावडी, वीस घमेली, दोन कुऱ्हाडी, बोटाएवढ्या जाडीचा दोर शंभर फूट आणि रबरी हातमोजे पंचवीस जोड्या. तीन-तीन माणसांची टोळी करा. एकानं झुडूप जमिनीपासून गुडघाभर उंचीवर छाटायचं. बुडखा धरायला राहिला पाहिजे, म्हणून जमिनीलगत छाटू नका. दुसऱ्यानं सब्बल घालून चारही बाजूंनी माती सैल करायची. मग दोघांनी मिळून सरळ वर ओढायचं. आडवं ओढलं की मूळ तुटतं. जाड बुडख्याला दोर बांधून चौघं लावा. तिसऱ्यानं छाटलेले दांडे लगेच उचलून पाळीच्या बाहेर, पाण्याच्या रेषेपेक्षा उंच, कोरड्या मुरमाडावर नेऊन पसरायचे. ढीग करायचा नाही. ढिगाच्या आत ओल राहते आणि तिथंच फुटवे येतात. दाट बेशरमीत एक माणूस दोन तासांत दहा चौरस मीटर साफ करतो असं धरा. पन्नास माणसांचे पाचशे, म्हणजे एक एकर आठ सकाळींत. हा आकडा पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा आणि त्या दिवसाचा तुकडा चुन्यानं आखून द्या. तुकडा संपला की काम संपलं, आठ वाजले नसले तरी.

बेशरम शेळ्यांना विषारी आहे. छाटलेला पाला गोठ्याजवळ किंवा चराईच्या वाटेवर टाकू नका. चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

साप हा इथला खरा धोका. काठावरच्या झुडपांत घोणस, नाग, मण्यार तिन्ही असू शकतात. म्हणून आत हात घालण्याआधी लांब काठीनं झोडपायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. उघड्या पायानं किंवा चपलेवर कोणालाही आत सोडू नका; बूट नसलेल्यांना दांडे वाहण्याच्या साखळीत ठेवा. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असतं ते आधी स्वतः जाऊन विचारून या आणि १०८ क्रमांक फलकावर लिहा. दंश झालाच तर चिरा देणं, घट्ट आवळणं, मांत्रिक असलं काही नको. पाय हलू न देता माणसाला गाडीत घालून निघायचं. गांधीलमाशांची पोळी असलेली झाडं आदल्या दिवशी पाहून ठेवा, त्या भागाला त्या दिवशी हात लावू नका.

पाळीवरच्या मोठ्या झाडांना कुऱ्हाड लावायचा मोह होतो. लावू नका. झाड तोडलं की त्याची मुळं आत कुजतात आणि पाळीत पोकळ्या राहतात. पावसाळ्यात पाणी त्याच वाटेनं झिरपतं आणि पाळ फुटायला तेवढं पुरतं. तसंच पाळीवर नवीन झाडंही लावू नका. पाळीवरची लहान झुडपं कापा, उंदीर-घुशींची बिळं दाखवून ठेवा, बाकीचं अभियंत्यावर सोडा. सलंगाच्या (तलावातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) तोंडाशी अडकलेला कचरा आणि तलावात पाणी आणणारे नाले मोकळे करणं मात्र हाताचंच काम आहे, आणि त्याचं फळ पहिल्या पावसात डोळ्यांनी दिसतं. पुढं गाळ काढायला यंत्र आलं की दोनच गोष्टींवर नजर ठेवा. पाळीच्या पायथ्याजवळ खोदायचं नाही. आणि काळा-चिकट थर संपून मुरूम लागला की थांबायचं, कारण त्याखाली पाणी थांबत नाही. खोल तलाव आणि पाणी टिकणारा तलाव एकच असतो असं नाही.

आता माणसांचं.

पहिल्या महिन्यात मंडळवार किंवा वॉर्डवार टोळ्या पाडू नका. स्पर्धेनं जोर येतो हे खरं, पण तो जोर जुन्याच भिंती उंच करतो. चिठ्ठ्या टाकून टोळ्या करा. एका टोळीत किराणा दुकानदार, खाणीतून रात्रपाळी करून आलेला, अकरावीची मुलगी आणि ढिवर आजोबा आले की दोन तासांत ओळखी आपोआप होतात. मंडळाचे टी-शर्ट, पक्षाचा गमछा, देणगीदाराचा बॅनर यांपैकी काहीही तलावावर नको, आणि हा नियम सरपंचांनाही लागू. बैठक एकदा मारुतीच्या पारावर, एकदा बुद्धविहारात घेण्याची रीत चांगली दिसते, पण सुरुवातीला जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण बरं; तिथं कोणीच पाहुणा नसतो.

श्रमदान बिनमजुरीचं असतं, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला दोन तास फुकट मागणं हे पेन्शनवाल्याला मागण्यासारखं नाही. तोड्याच्या दिवसांत मजूर बायांना सहा वाजता बोलावू नका; त्यांना त्या वेळी स्वयंपाक, पाणी, मग गाडी पकडायची असते. जे काम रोजगार हमीत बसतं ते तिथूनच मागा. महाराष्ट्रानं त्याचा कायदा १९७७ मध्येच केला, आणि फुकटच्या श्रमदानानं कोणाची रोजी खाल्ली जाते असं दिसलं तर त्या वस्तीतून पुन्हा कोणी येणार नाही. बायांसाठी महिन्यातून दोन वेळा दुपारी चार ते सहा असं सत्र ठेवा, बचत गटांच्या ग्रामसंघाशी बोलून. तलावाजवळ आडोशाची सोय आणि लहान मुलांवर लक्ष ठेवायला दोन माणसं, एवढं आधी करा. नुसतं "महिलांनीही यावे" लिहून कोणी येत नाही.

तरुणांपैकी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी सगळ्यात भरवशाच्या. ती तशीही पाच वाजता मैदानावर असतात. त्यांच्याकडून श्रमदान घ्यायचं असेल तर त्यांच्या मैदानाला आधी हात लावा: खड्डे मुरमानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून चुन्यानं मोजका ट्रॅक आखून द्या. मुलांची धाव १६०० मीटर, मुलींची ८०० मीटर. चारशे मीटरचा ट्रॅक बसत नसेल तर दोनशेचा आखा, आठ आणि चार फेऱ्यांचा हिशेब सोपा जातो. दोन सकाळींचं काम आहे. महाविद्यालय जवळ असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी तलाव सुचवा. पण शिबिराची मुलं सातव्या दिवशी जातात, म्हणून त्यांच्या प्रत्येक टोळीत गावची दोन माणसं हवीतच.

नाश्ता टाळू नका. कामापेक्षा ओळख तिथं जास्त वाढते. पन्नास माणसांच्या तर्री-पोह्यांना साडेचार किलो पोहे, दोन किलो हरभरे (आदल्या रात्री भिजवलेले), दीड-दोन किलो कांदे, पाऊण लिटर तेल पुरतं. पाणी साठ लिटर, म्हणजे वीसचे तीन जार. मार्चच्या शेवटाला साखर-मिठाचं पाणीही ठेवा: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. रांधायची पाळी लावून द्या आणि त्या पाळीत पुरुषांची नावं आधी लिहा. महिन्याच्या शेवटी एकदा तलावाच्या काठी रोडगे-वांग्याची भाजी करा. गोवऱ्या, वांगी, कणिक घराघरांतून येऊ द्या. वस्तू देणारी माणसं पैसे देणाऱ्यांपेक्षा जास्त आपली होतात.

पैसे आलेच तर हिशेब दर आठवड्याला फळ्यावर: किती आले, कशावर गेले, शिल्लक किती. देणगीदारांची नावं रकमेच्या क्रमानं लावू नका, तारखेच्या क्रमानं लावा. पैसा दोन वेगळ्या वस्त्यांतल्या दोघांच्या सहीनं निघावा. पाच हजारांच्या हिशेबावरून फुटलेली गावं पाच लाखांच्या कामावरून फुटलेल्या गावांपेक्षा जास्त असतील.

पहिल्या सकाळी दीडशे येतील, तिसऱ्या आठवड्यात पंचवीस. हे ठरलेलंच समजा आणि आखणी पंचविसांची करा, दीडशेंची नाही. फोटो-सेल्फीची गर्दी गेली की खरं काम सुरू होतं. हजेरी घेऊन न आलेल्यांची नावं ग्रुपवर टाकणं, दंड, टोमणे यानं एकही माणूस परत येत नाही. पाळीनं कामाला जाणारा तीन आठवड्यांतून एकदाच येऊ शकतो. त्याला तसंच येऊ द्या.

झाडांबद्दल. पाचशेतली दहा का उरली याचं उत्तर पाण्याच्या गणितात आहे. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दर चार दिवसांनी झाडाला पंधरा लिटर धरलं तर पाचशे झाडांना एका वेळी साडेसात हजार लिटर, नव्वद दिवसांत बावीस-तेवीस पाळ्या, म्हणजे पाच हजार लिटरचे चौतीस टँकर. हे कोणी ठरवलंच नव्हतं. यंदा साठच लावा. एका पाळीला नऊशे लिटर लागतं, ते घराघरांतून निघतं. जागा रस्त्याकडेच्या नव्हे, तर घरासमोरच्या, शाळेतल्या, बाजारपटांगणातल्या निवडा. प्रत्येक झाडाला एक घर ठरलेलं असावं, आणि ते घर खड्डा खणतानाच ठरावं. खड्डे एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल. उन्हात तापू द्या. दोन चांगले पाऊस झाल्यावर मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळून चार-पाच फुटी रोप लावा. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ घ्या. गुलमोहर लवकर वाढतो पण वादळात आधी तोच पडतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात बुंध्याजवळ भेगा पडतात आणि मुळं उघडी पडून वाळतात, म्हणून फेब्रुवारीतच आळ्यात चार बोटं जाडीचा धानाचा कोंडा किंवा पालापाचोळा घाला. कुंपणाला बाभळीच्या काट्या पुरतात; शेळी मागच्या पायांवर उभी राहून बरीच उंच पोचते हे लक्षात ठेवा.

गावातली जुनी विहीर साफ करायची सूचना कोणीतरी करणारच. नम्रपणे नाही म्हणा. वापरात नसलेल्या विहिरीत ऑक्सिजन कमी असतो, विषारी वायू साचलेले असतात, आणि एकाला वाचवायला उतरलेले दुसरा-तिसराही जातात. मेणबत्ती पेटती राहिली म्हणजे हवा चांगली, हा समज जीवघेणा आहे. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवला तर त्याचा धूरच मारतो. ते काम प्राणवायूची साधनं असलेल्या माणसांचं. स्वयंसेवकांनी काठाचा कठडा बांधावा, वरून जाळी बसवावी, बस्स.

बेशरम एका हंगामात संपत नाही. बी आणि राहिलेली मुळं फुटतात, म्हणून पावसाळा सरून पाणी ओसरू लागलं की काठाकाठानं कोवळी रोपं हातानं उपटायची, वर्षातून दोन सकाळी, सलग तीन वर्षं. तेव्हा ती वीतभर असतात, शाळेतली पोरंही उपटतात. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन निघतातच. त्या वेळी तलाव भरलेला असतो, म्हणून पाण्यात नाही, पण पाळीवरून त्यांची फेरी काढता येते आणि कोणता काठ कोणत्या शाळेकडे ते तेव्हाच वाटून देता येतं.

अवजारांच्या दांड्यांना एकाच रंगाचा पट्टा मारून ती शाळेच्या खोलीत ठेवा, किल्ली दोघांकडे. फेब्रुवारीत सुरुवात हवी असेल तर ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाला पाहिजे, आणि त्यासाठी विषय ग्रामसेवकांकडे नोटीस निघण्याआधी लेखी पोचला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात टाकला तर तो शेवटी येतो, आणि तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते.